डोंगराला दोन टोकं असतात

"काका, तुम्ही दोघांनी आधी कधी डाउनहिल केलंय का?"

पोरगी हातात हेल्मेट घेऊन उभी होती. रेवती तिचं नाव. केस मागे घट्ट बांधलेले, गुडघ्यांवर ढालीसारखे प्लॅस्टिकचे तुकडे आणि बोलण्यात मास्तरणीचा दरारा. तिच्यामागे काळकड्याचा उतार होता. तिथून धुळीनं माखलेली पोरं सायकलीसकट बेडकासारखी उड्या मारत खाली चालली होती. सायकलींचा बगीचाच केला होता डोंगराचा. जीपनं वर यायचं, सायकलनं खाली जायचं, पुन्हा जीपनं वर. मधे पेडल मारायचं नाव नाही.

"केलंय का म्हणजे?" मी म्हणालो. "वरंध घाट. सबंध. सायकलला ब्रेक नाही, अमावास्येचा अंधार आणि कॅरिअरवर बायकोचा मामा."

"मामा?"

"मधल्या वळणावर मामांची टोपी उडाली. ती धरायला मामांनी हात वर केला आणि मामाही टोपीबरोबर गेले. सायकल झाली हलकी. मी जो सुटलो तो थेट महाडच्या बाजारात, मेथीच्या ढिगात. मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत."

पोरगी हसली. हसली म्हणजे काम झालं.

"आणि हे काका?" तिनं विचारलं.

नरहर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, मी बसवला होता तसाच. हात मांडीखाली दाबलेले. ते मोकळे सोडले की थरथरतात.

"ते गुरू आहेत. मी त्यांचा चेला," मी म्हणालो. "फार बोलत नाहीत."

मी एसटीत कंट्रोलर होतो. भोरच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात हयात गेली. गाडी आलेली नसते, माणसं खवळलेली असतात. अशा वेळी त्यांना गप्प करायला दोनच उपाय, पोलीस नाहीतर गोष्ट. पोलीस आमच्या स्टँडवर चहापुरता यायचा. म्हणून मी गोष्टी सांगायचो. तालुक्यात मला कुणी खोटारडा म्हणत नाही. "यशवंतराव सांगत होते," एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा काय ते समजून घेतो.

सायकल मला येत नाही असं नाही. रस्ता सपाट असावा, समोरून कुणी येऊ नये, मागून हॉर्न वाजू नये आणि उतरायची जागा आधी बघून ठेवलेली असावी. मग येते. उतार दिसला की मी खाली उतरतो आणि सायकलला म्हशीसारखी हाताला धरून चालवत नेतो.

नरहर धुमाळ म्हणजे याच्या अगदी उलटा. वीज मंडळात लाइनमन. खांद्यावर दोराचं वेटोळं, सायकलच्या दांडीला बांधलेली शिडी. वादळाच्या दुसऱ्या दिवशी तो हिरडस मावळातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायचा. ज्या खांबावर बसायला कावळा बिचकतो त्या खांबावर हा निवांत बिडी ओढायचा. आणि तो धूर खालून पाहून बायाबापड्या वायर जळाली म्हणून बोंब मारायच्या. हे मात्र खरं आहे.

मग त्याला कंपवात झाला. आधी बशीतला चहा हलायला लागला. मग सही मुंगीएवढी झाली. मग पाय जमिनीला चिकटले. खांबावर सरसर चढणारा गडी स्वतःच्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहायचा, तो उभाच. पाय उचलायचाय हे त्याला कळायचं. पायाला कळायचं नाही. आवाज खोल गेला. आणि शेवटी त्या रोगानं तोंडावरचे भावही पुसून टाकले. हसला काय, रडला काय, चेहरा दगडाचा. त्यामुळे पत्त्यांत हल्ली तो मला हरवायचा. कितीही खोटं खेळला तरी ओळखू येत नव्हतं.

एकदा असाच तो उंबऱ्यात अडकला होता. इंदूवहिनी, त्याची बायको, रडकुंडीला आलेल्या. मी गंमत म्हणून तोंडाशी मूठ धरली आणि स्टँडवरच्या आवाजात सुरू झालो, "महाडहून येणारी, वरंधमार्गे भोरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." आणि नरहरनं पाय उचलला! उंबरा ओलांडला! शब्दांच्या ठेक्यावर अंगणापर्यंत चालत गेला. मी थांबलो तसा तोही थांबला. तेव्हापासून त्याला कुठं न्यायचं असलं की मी गाडी पुकारायचो. गल्लीतली पोरं आम्हाला महामंडळ म्हणत.

सायकलीचं कळलं ते त्यानंतर. त्याला सीटवर बसवून ढकलला की हा गडी पाखरासारखा जायचा. थरथर नाही, अडखळणं नाही. डॉक्टर म्हणाले, काहींचं असं होतं, चालता येत नाही पण सायकल येते. फक्त निघणं आणि थांबणं जमत नाही. मग आमचा रिवाजच पडला. सकाळी पिंपळाच्या पारापाशी मी सीट धरायची आणि सोडायची. तो बाजारातून, नदीच्या पुलावरून, राजवाड्याला वळसा घालून परत पारापाशी यायचा. मी हात पसरून उभाच. हँडल धरायचं, त्याला छातीवर घ्यायचं, गाडी पुकारत खाली उतरवायचं. रोज निघताना इंदूवहिनी दारातून म्हणायच्या, "भावोजी, धरा हं." आणि मी म्हणायचो, "वहिनी, एसटी चुकेल, मी चुकायचा नाही." चुकलोही नाही.

पण त्या हिवाळ्यात पुलावर त्याचा तोल जायला लागला. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आता हेही जाणार. मग खुर्ची. मग खाट. वहिनी परत आल्या तेव्हा नरहरनं त्यांना काही विचारलं नाही. संध्याकाळी पारावर मला म्हणाला, "येश्या, त्या काळकड्यावर पोरं सायकली सोडतात म्हणे."

"सोडू देत."

"पेडल नको, चढ नको. एकदा ने."

"वहिनी मला उभा जाळतील."

"तिला देवीला जातो म्हणून सांग. तुला काय, थाप मारायला पंचांग बघावं लागतं?"

त्याच्या तोंडून इतकी वाक्यं सलग ऐकून महिने झाले होते. मी वहिनींना देवीची थाप मारली. त्यांनी फडक्यात धपाटे बांधून दिले, गोळ्यांची डबी दिली, देवीला वाहायला खण दिला. दारातून म्हणाल्या, "भावोजी, गर्दीत धरा हं यांना."

असे आम्ही डोंगरावर आलो होतो.

"चला काका, तुमचा नंबर," रेवती म्हणाली.

खुर्चीपासून सुटायच्या जागेपर्यंत सपाटी होती. मी मूठ तोंडाशी धरली. "भोरहून वाईमार्गे साताऱ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." नरहर उठला आणि चालू लागला.

"हे काय?" रेवती.

"गुरुमंत्र."

तिनं आमच्या हनुवटीखाली हेल्मेटचे पट्टे आवळले. मग खाली बोट दाखवत समजावू लागली. ही हिरव्या खुणांची वाट, सोपी, लांब वळणांची, वळणावर मातीचा बांध घातलेला. मधे आंब्यापाशी एक फाटा लागेल. तिथून डावीकडं काळ्या खुणांची वाट जाते, कड्याच्या धारेपर्यंत, तिकडं अजिबात जायचं नाही, पुढचा बांध अजून घालायचाय. "आणि संपलं की जीप उभी असेल, तिथं थांबा."

"संपलं की कुठं?"

"खाली."

"म्हणजे इथं परत नाही यायचं?"

ती पुन्हा हसली. तिला वाटलं, मामांसारखीच आणखी एक गंमत आहे.

आमच्या गावात सुटायची जागा तीच धरायची जागा. नरहर जिथून जायचा तिथंच यायचा. मी कधी हललोच नव्हतो. डोंगराला दोन टोकं असतात, हे आयुष्यभर घाटातल्या गाड्या पुकारणाऱ्या माझ्या टाळक्यात एकदाही आलं नव्हतं. हा वरून सुटणार आणि खाली पोचणार. आणि खाली कोण आहे? झोपलेला जीपवाला.

मी त्याच्या कानाशी गेलो. "नऱ्या, घोटाळा झाला. खाली तुला धरणार कोण?"

"तू."

"मी इथं आहे!"

"मग तू आधी जा."

"मी? या उतारावरून? अरे, मी तर जिन्यावरून उतरताना कठडा धरतो!"

"वरंध घाट उतरलायस ना," नरहर म्हणाला. "मामाला घेऊन."

चेहरा दगडाचा. टिंगल करतोय की विनवतोय, काही कळायला मार्ग नाही. मी म्हणालो, "घरी जाऊ. धपाटे खाऊ आणि घरी जाऊ."

त्यानं हात उचलला. तो हात थरथरत माझ्या बाहीपर्यंत आला आणि तिथं घट्ट झाला.

"येश्या. एकदा."

आता पोरीला खरं सांगावं तर ती त्याला सायकलवर बसूच देणार नाही. न सांगावं तर मला त्याच्या आधी खाली पोचलं पाहिजे. मी म्हणालो, "गुरूंना सावकाश सोड गं. मी पार खाली पोचल्याशिवाय सोडायचं नाही."

"मी सीट धरते त्यांची," रेवती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं."

मी निघालो. पहिलं वळण येईस्तोवर मी कुळातले सगळे देव आणि आगारातले सगळे ड्रायव्हर आठवले. दोन्ही ब्रेक असे आवळले होते की सायकल उतरत नव्हती, डोंगरच तिच्याखालून हळूहळू वर सरकत होता. वाटेत एक सरडा मला मागं टाकून गेला. तो वळून बघत होता, हे मी शपथेवर सांगतो. वळणावर मातीच्या बांधाला सायकल चढवायची असते म्हणे. मी चढवली नाही. तीच चढली, मी खाली राहिलो. कोपर सोललं. पुन्हा बसलो. पुन्हा पडलो. मागून पोरं "ओ काका, साइड!" ओरडत जात होती. त्यांच्यात नरहर नाही ना, म्हणून मी प्रत्येकाकडं बघत होतो.

आंब्याचं झाड खाली दिसायला लागलं तेव्हा मला वाटलं, जमतंय. आता एवढंच आणि मग सरळच आहे.

तेवढ्यात वर चाकांचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. नरहर येत होता. मी खाली पोचलो नव्हतो तरी सोडला होता पोरीनं. तिचा काय दोष, एवढ्या वेळात माणूस चालतही खाली पोचला असता. तो बांधावर चढला आणि असा तिरपा होऊन वळला की मी माझी सायकल, माझं कोपर, सगळं विसरलो. हात स्थिर. पाठ ताठ. लाइनमन होता तेव्हाचा नरहर. हवेत पाचर मारावी तसा येत होता.

"नऱ्या, ब्रेक!" मी ओरडलो. "ब्रेक धर! मी येतोय खाली!"

तो माझ्या शेजारून गेला. आवाज नेहमीसारखाच खोल, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"येश्या, धरायला येऊ नको."

आणि आंब्यापाशी त्यानं हँडल डावीकडं वळवलं. काळ्या खुणांकडं.

तेव्हा मला सगळं कळलं. तू आधी जा, का म्हणाला. हाच डोंगर का. वहिनी डॉक्टरांकडून आल्या तेव्हा त्यानं काही विचारलं का नव्हतं. पत्त्यांत हरवायचा तसंच मला हरवलं होतं त्यानं, एक एक पान शांतपणे टाकत.

सायकल टाकून मी सरळ उतारावरून पळालो. वाट सोडून, कारवीतून. पळालो म्हणजे निम्मा घसरलो, निम्मा गडगडलो. हा भाग मी पारावर सांगतो तेव्हा त्यात एक रानडुक्कर असतं. तिथं डुक्कर नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. नुसतं वाळलेलं गवत आणि माझ्या घशातून येणारा आवाज. तो माझा आहे हे मला ओळखू येत नव्हतं.

कड्याच्या धारेशी वाट संपते. तिथं तो पडला होता.

एका कुशीवर, सायकल दोन्ही पायांमधे तशीच. बसलेला पुतळा कुणी आडवा करावा तसा. पुढचं चाक धारेपासून हातभर अलीकडं, मागं मातीत चाकाचा लांब ओरखडा. डोळे उघडे. आणि उजवा हात ब्रेकवर. बोटं पांढरी पडलेली.

मी त्याच्याजवळ बसलो. मला बोलता येईना. मला!

"मी नाही धरला," नरहर म्हणाला. "हातानं धरला."

"बरं."

"मी नको म्हणत होतो. हात ऐकेना. चमचा धर म्हटलं तर धरत नाही. पेन धरत नाही. तिचा हात धरता येत नाही मला. आणि याला धरायला काय सापडलं बघ."

त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, ते नाकावरून वाहून मातीत गेलं. चेहरा तसाच. मी रुमालानं पुसायला गेलो तर म्हणाला, "राहू दे."

बोटं सोडवायला लागलो. एक उचललं की दुसरं आवळायचं. खाली दरीत भोरच्या बाजूचे विजेचे खांब दिसत होते, एकामागून एक, पार धुक्यात जाईपर्यंत. निम्मे त्याच्याच हातचे. शेवटी मी तोंडाशी मूठ धरली. आवाज फाटला होता, पण पुकारलं. "काळकड्याहून सुटणारी, भोरला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे." बोटं एक एक करून सुटली.

"लेका," तो म्हणाला, "परतीच्या गाडीत जागा नाही म्हणून सांगितलं असतंस तर?"

त्याला उचलून छातीवर घेतला, रोज घ्यायचो तसा. इतक्यात रेवती वरून ओरडत आली. चुकीच्या फाट्याला वळले गुरू, असं मी तिला सांगितलं. ती आमच्याकडं बघत राहिली. या वेळी हसली नाही.

घरी गेल्यावर वहिनींनी माझं सोललेलं कोपर पाहिलं, त्याच्या कपड्यांवरची माती पाहिली आणि माझ्या खिशातून डोकावणारा, न वाहिलेला खण पाहिला. तो खण काढून घेतला, घडी घातली आणि पाणी तापवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सायकल माळ्यावर गेली.

डॉक्टर म्हणाले होते तसंच सगळं झालं, फक्त फार सावकाश. खुर्ची, मग खाट. आधी बोलणं गेलं, मग मान, मग गिळणं. वर्षांमागून वर्षं. मी रोज दुपारी जाऊन त्याच्या उशाशी बसायचो. गाडी पुकारून पाहायचो. पहिल्यांदा अंगठा हलायचा. नंतर तोही हलेना. उरले ते डोळे. ते माझ्याकडं बघायचे आणि मला ठाऊक होतं त्यांना काय हवंय. मी सांगायला लागायचो.

"नऱ्या, तू सुटलास. पहिला बांध. दुसरा बांध. सरडा बाजूला झाला, त्यानं तुला सलाम ठोकला. आंबा आला, तू डावीकडं वळलास. धार आली, आणि धारेवरून सायकल तशीच पुढं गेली, हवेतून. खाली तुझे खांब. तारांवरचे बगळे तुझ्याबरोबर उठले. हिरडस मावळावरून गेलास. ज्या ज्या घरात तू दिवा लावलास त्या घरातल्या बाया अंगणात येऊन वर बघत होत्या..."

रोज नवं काही घालायचो. कधी वरंध घाटावर मामा भेटायचे, टोपी शोधत. नरहरचे डोळे तेवढा वेळ खाटेवर नसायचे. पण आत स्वयंपाकघरात वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा. त्या ऐकताहेत हे मला कळायचं. म्हणून शेवटी मी गोष्ट वळवायचो. सायकल भोरला उतरायची, पुलावरून पारापाशी यायची, मी हात पसरून उभा. हँडल धरलं, छातीवर घेतलं. आली गाडी फलाटाला. आत भांडी पुन्हा वाजायला लागायची. आणि नरहर डोळे मिटून घ्यायचा.

अशी किती वर्षं गेली, त्या घरात कुणी मोजत नव्हतं.

एक दुपार अशीच होती. त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. वहिनींनी सकाळपासून त्या धुतल्या होत्या आणि नळीतून पेज घातली होती, ती बाहेर आली होती. मी गोष्ट सुरू केली. बगळे उठले, मावळ मागं पडला, नदी चकाकली. भांडी शांत होती. मी सायकल पुलाकडं वळवायला लागलो.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. उंबऱ्याच्या आतच. पदरानं ओले हात पुसत होत्या. पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "आज नका धरू."

नरहरचे डोळे माझ्यावर होते. मी पुलाकडं वळवलेली सायकल पुन्हा सरळ केली.